पेशी: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा छोटासा गट सूक्ष्मदर्शक घेऊन ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत, सोसायट्यांत जातो. कार्यक्रम संपतो, प्रश्न संपत नाहीत. मुलांचे, पालकांचे आणि बऱ्याच आजी-आजोबांचेही मेसेज येत राहतात. तेच ते प्रश्न फिरून येऊ लागले म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. संज्ञा शक्यतो शालेय पुस्तकातल्याच ठेवल्या आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. 'पेशी हा सजीवांचा रचनात्मक व कार्यात्मक घटक आहे' हे पाठ आहे, पण पेशी म्हणजे नक्की काय ते कळलेलं नाही.

पाठ केलेलं घटकाभर बाजूला ठेवा. पेशी म्हणजे अतिशय पातळ पटलाने बाहेरच्या जगापासून वेगळा केलेला पाण्याचा इवलासा साठा. त्याच्या आतलं रसायन बाहेरच्यासारखं नसतं आणि हे वेगळेपण टिकवायला तो सतत ऊर्जा खर्च करत असतो. तुमच्या कोणत्याही पेशीत पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी असतं. पेशीबाहेरच्या द्रवात नेमकं उलट. हा फरक आपोआप टिकत नाही. पटलात बसलेली काही प्रथिनं दर फेरीला सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. हे काम रात्रंदिवस चालतं. ते कायमचं बंद पडलं की आतबाहेरचा फरक पुसला जातो आणि पेशी मरते.

केंद्रक, रायबोझोम, तंतुकणिका वगैरे मंडळी या कामासाठी लागणाऱ्या सूचना, प्रथिनं आणि ऊर्जा पुरवतात. शाळेतल्या आकृतीत पेशी निश्चल दिसते, तिथेच घोळ होतो. नावं पाठ करण्याआधी प्रत्येक भागाबद्दल 'याच्या आत काय जातं आणि बाहेर काय येतं?' एवढं विचारा. निम्मा धडा तिथेच सुटतो.

२. पेशीचा शोध रॉबर्ट हूकने लावला की लेव्हेनहूकने?

परीक्षेत हूक, १६६५. त्याने बुचाचा पातळ काप पाहिला आणि त्यात कप्पे दिसले. ते कप्पे रिकामे होते, कारण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. हूकला दिसल्या त्या उरलेल्या पेशीभित्तिका. पोहणारे, जिवंत एकपेशीय जीव पाहिले ते डेल्फ्टच्या कापडविक्या लेव्हेनहूकने, १६७०च्या दशकात, स्वतः घासलेल्या भिंगांतून. पुढे रॉबर्ट ब्राउनने १८३१मध्ये केंद्रकाचं वर्णन केलं. श्लायडेनने १८३८मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वानने १८३९मध्ये प्राण्यांबद्दल 'सगळे पेशींचेच बनलेले' असं मांडलं. फिरशोने १८५५मध्ये सांगितलं की पेशी पेशीपासूनच जन्मते. माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं वाक्य फिरशोचं, पण प्रश्नपत्रिकेत त्याला जागा क्वचितच मिळते.

३. पेशी इतकी लहान का असते? मोठी असती तर काय बिघडलं असतं?

पेशीला लागणारं सगळं पटलातून आत येतं आणि नको असलेलं पटलातूनच बाहेर जातं. आता एक घन घ्या, बाजू १. पृष्ठभाग ६, आकारमान १. बाजू दुप्पट करा: पृष्ठभाग २४ होतो, पण आकारमान ८. म्हणजे आत खाणारे आठपट, दारं मात्र चौपटच. शिवाय पेशीच्या आत बरेच रेणू विसरणाने, म्हणजे आपसूक पसरत जातात, आणि त्यात अंतर दहापट झालं की वेळ साधारण शंभरपट लागतो. त्यामुळे जीवाणू १ ते ५ मायक्रॉन, आपल्या बहुतेक पेशी १० ते ३० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

यातून पळवाटा काढणाऱ्या पेशीही आहेत. कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी चेतापेशी सुमारे एक मीटर लांब असते, पण ती धाग्यासारखी बारीक असल्याने तिला पृष्ठभाग भरपूर मिळतो. मोठ्या पेशींचे आणखी नमुने प्रश्न १९ आणि २० मध्ये.

४. माणसाच्या शरीरात किती पेशी असतात? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

कोणी मोजलेल्या नाहीत. हे अंदाज आहेत, म्हणून आकडे हलतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला आणि आज बराच मानला जाणारा अंदाज ७० किलो वजनाच्या तरुण पुरुषासाठी सुमारे ३० लाख कोटींचा आहे. गंमत म्हणजे त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त एकट्या लाल रक्तपेशी. त्याच हिशेबात शरीरावरचे आणि शरीरातले जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी निघाले. 'आपल्यात आपल्या पेशींच्या दसपट जीवाणू असतात' असं अजून भाषणांत ऐकू येतं. ते आता सोडून द्यायला हरकत नाही.

५. मुलीसाठी घरी सूक्ष्मदर्शक घ्यायचाय. कोणता घ्यावा?

'१२०० पट' असं खोक्यावर छापलेली प्लॅस्टिकची खेळणी टाळा. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. भिंग वाईट असेल तर नुसता धूसरपणाच मोठा होतो. १० पट नेत्रभिंग आणि १० व ४० पटींची वस्तुभिंगं, म्हणजे एकूण १०० आणि ४०० पट, एवढा विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक शाळेच्या सगळ्या पेशींना पुरतो. बजेट कमी असेल तर मनु प्रकाश यांच्या गटाने २०१४मध्ये मांडलेला कागदी फोल्डस्कोप चांगला. तो सुमारे १४० पट दाखवतो आणि खिशात मावतो.

रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिकेच्या आतल्या घड्या यातल्या कशातच दिसणार नाहीत. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. 'पुस्तकात आहे ते दिसत नाही' ही तक्रार येते ती बहुधा यामुळेच. यंत्र परत करू नका.

६. कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं दिसली नाहीत. कांदा वनस्पती आहे ना?

आहे, पण तुम्ही पाहिलात तो भाग जमिनीत, अंधारात वाढलेला. तिथे प्रकाश नाही म्हणून हरितलवकं नाहीत. मुळांचीही तीच गत. म्हणून 'वनस्पतीपेशी म्हणजे हरितलवक' हे समीकरण धरू नका. हरितलवकं पाहायची तर हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीचं कोवळं पान काचपट्टीवर ठेवा. नशीब असेल तर हिरवे दाणे पेशीच्या कडेने फिरताना दिसतात. कांद्यावर मात्र आयोडीनचा पातळ थेंब टाकलात की केंद्रक पिवळट-तपकिरी होऊन उठून दिसतं. ते पेशीच्या मधोमध नसून भिंतीला टेकलेलं असतं, कारण मधली जागा भल्यामोठ्या रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने घेतलेली असते.

७. मासुंदा तलावातलं पाणी आणून पाहिलं. काहीच दिसलं नाही. पाणी एवढं स्वच्छ आहे का?

तेवढा भाबडेपणा नको! तुम्ही मधलं नितळ पाणी भरलंत. जीव असतात ते काठाजवळच्या पानकचऱ्यात, गाळाच्या वरच्या थरात, दगडावरच्या बुळबुळीत थरात. मासुंदा असो, उपवन असो की तुमच्या सोसायटीतलं कमळाचं टाकं, तिथलं थोडं पाणी रुंद तोंडाच्या बरणीत घ्या, त्यात वाळलेलं गवत किंवा भाताचा पेंढा टाका आणि झाकण घट्ट न लावता काही दिवस ठेवा. जीवाणू वाढतात, त्यांना खायला पॅरामेशियम वाढतात. नळाचं पाणी घालू नका, त्यात क्लोरीन असतं. पॅरामेशियम भलतेच पळतात, म्हणून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका. मग निवांत पाहता येतं की आतला एक पारदर्शक गोल फुगतो, एकदम आकसतो, पुन्हा फुगतो. ती संकोची रिक्तिका. ती काय उपसते ते पुढच्या उत्तरात. पाहून झाल्यावर हात साबणाने धुवा.

८. परासरण दर वर्षी शिकतो आणि दर वर्षी विसरतो. एकदाचं समजेल असं सांगाल का?

एकच वाक्य धरून ठेवा: पटलातून पाणी सहज जातं, मीठ-साखर सहज जात नाही, आणि ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूकडे पाणी सरकतं. बाकी सगळं यातून निघतं.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आधी लावलंत तर पंगत बसेपर्यंत वाटीत पाणी साचतं, कारण बाहेर खारट, आत कमी खारट, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर. मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात. तिथे आत साखर दाट, म्हणून पाणी आत. लोणच्यात आणि खारवलेल्या माशात मीठ हेच करतं, आणि त्यातून जीवाणूही सुटत नाहीत. त्यांच्या पेशीतलं पाणी ओढलं जातं, वाढ थांबते, म्हणून माल टिकतो. मोरावळ्यात हेच काम साखर करते.

पुस्तकातली तीन नावं आता सोपी होतात. बाहेरचं द्रावण आतल्याइतकंच दाट असेल तर समपरासारी, बाहेर जास्त दाट असेल तर अतिपरासारी, बाहेर कमी दाट असेल तर अवपरासारी. तलावाचं गोडं पाणी पॅरामेशियमसाठी अवपरासारी. पाणी सतत आत शिरतं आणि प्रश्न ७ मधली संकोची रिक्तिका ते उपसून बाहेर टाकते. ती थांबली तर पॅरामेशियम फुटेल.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर ऱ्हिओच्या पानाची जांभळी बाजू शोधा. सोसायट्यांच्या कुंड्यांमध्ये आणि वाफ्यांच्या कडेला हे झाड हमखास असतं. पातळ साल काढून काचपट्टीवर ठेवा, एका कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. जांभळा रंग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होताना दिसतो. भिंत जागेवर राहते, आतला ऐवज आक्रसतो. लगेच साधं पाणी सोडलंत तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. हा प्रयोग ज्याने स्वतः केला तो परासरण विसरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

९. सलाईन लावण्याऐवजी शिरेतून शुद्ध पाणी दिलं तर चालणार नाही का? शेवटी पाणीच कमी झालेलं असतं.

अजिबात नाही, जीव जाऊ शकतो. शुद्ध पाणी रक्तपेशींसाठी अवपरासारी (प्रश्न ८). ते आत शिरून लाल पेशी फुगतील आणि फुटतील. सलाईनमध्ये १०० मिलिलिटरला ०.९ ग्रॅम मीठ असतं ते याच कारणासाठी. तेवढ्या मिठात पेशी ना फुगते ना आकसते. वनस्पतीपेशी शुद्ध पाण्यातही फुटत नाही, कारण तिच्याभोवती सेल्युलोजची भित्तिका आहे आणि ती आतला दाब झेलते. प्यायलेलं पाणी मात्र आतड्यातून हळूहळू शोषलं जातं आणि मूत्रपिंडं हिशेब सांभाळतात, म्हणून पिणं आणि शिरेत देणं एक नव्हे.

१०. मग ठाणे खाडीतली तिवरं खाऱ्या पाण्यात सुकत का नाहीत?

छान प्रश्न, आणि तो ऐरोलीच्या मुलांकडून हटकून येतो. प्रश्न ८ च्या नियमाने खाऱ्या चिखलाने मुळांतलं पाणी ओढून घ्यायला हवं. गुलाबाचं रोप तिथे लावलंत तर तेच होईल. खारफुटी नियम मोडत नाही, ती स्वतःच्या पेशीतला दाटपणा वाढवते. मीठ रिक्तिकेत कोंडून ठेवायचं, जेणेकरून पेशीद्रव्यातल्या प्रथिनांना त्रास होणार नाही. आणि पेशीद्रव्यात निरुपद्रवी सेंद्रिय पदार्थ साठवून दोन्हीकडचा तोल राखायचा. आत दाट झालं की पाणी आत येतं.

याशिवाय मुळांच्या पेशी बरंचसं मीठ दारातच अडवतात. कांदळाचा भर यावर. तिवर मुळाशी मीठ अडवतंच, उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी तिवराचं पान नीट पाहिलंत तर मिठाचे बारीक कण चमकतात. जिभेला लावलंत तर खारट. या सगळ्याला ऊर्जा लागते, त्यामुळे खारफुटीची वाढ फुकटची नाही. भराव टाकून भरतीचं पाणी तोडलं की झाडं मरतात, हे नवी मुंबईत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

११. लाल माठ शिजवला की पाणी लाल होतं, पण नुसता धुतला तर होत नाही. आणि वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. दोन्हीचं कारण एकच का?

मूळ एकच: कप्पे मोडले. माठाचा लाल रंग रिक्तिकेत असतो. जिवंत पेशीची पटलं त्याला धरून ठेवतात. उष्णतेने पटलं मोडली की रंग बाहेर. वांग्यात एका कप्प्यात फेनॉल जातीची द्रव्यं आणि दुसरीकडे त्यांच्यावर काम करणारं विकर. सुरीने पेशी फोडल्या की दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी-काळं द्रव्य तयार होतं. चिरलेलं वांगं पाण्यात टाकण्याची घरोघरची सवय हवा तोडण्यासाठीच आहे.

१२. प्राणीपेशीत तंतुकणिका आणि वनस्पतीपेशीत हरितलवकं, असं लिहिलं तर मार्क मिळतील?

निम्मं चूक आहे. तंतुकणिका वनस्पतीपेशीतही असतात. हरितलवकं सूर्यप्रकाशातून साखर बनवतात, पण ती साखर जाळून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा काढायला झाडालाही तंतुकणिका लागतातच. रात्री तर लागतातच, मुळांत चोवीस तास. फरक लिहायचा तर असा: पेशीभित्तिका, लवकं आणि मोठी मध्यवर्ती रिक्तिका वनस्पतीपेशीत; तारककाय प्राणीपेशीत, प्रगत वनस्पतींत नाही. कवकांना, म्हणजे अळंबी-बुरशीला भित्तिका असते पण ती कायटिनची, आणि हरितलवकं नसतात. ती वनस्पती नव्हेत.

उलटा अपवादही आहे: नीलहरित जीवाणू हरितलवकाशिवाय प्रकाशसंश्लेषण करतात. ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो) येतात ते हे आणि असलेच सूक्ष्मजीव, शिवाय त्यांच्यावर जगणारे बारीक प्राणी खायला. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग या अन्नातल्या कॅरोटिनॉइडांमधूनच येतो.

१३. ग्लुकोजच्या एका रेणूपासून पुस्तकात ३८ एटीपी, क्लासमध्ये ३२, यूट्यूबवर ३०. खरं काय?

एटीपी म्हणजे पेशीला लगेच वापरता येणारी ऊर्जा वाहणारा रेणू. तुमच्या बोर्डाच्या पुस्तकात जो आकडा आहे तो परीक्षेत लिहा. खरं उत्तर सुमारे ३० ते ३२. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाच्या एका बाजूला हायड्रोजन आयन दाटीने साठवले जातात. धरणामागचं पाणी खाली येताना टर्बाइन फिरवतं तसे ते परत येताना पटलातलं एक प्रथिन अक्षरशः गोल फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतं. जुन्या हिशेबात प्रत्येक टप्प्याला पूर्णांक धरले होते, तीन आणि दोन. नंतर मोजमाप सुधारलं तेव्हा ते अडीच आणि दीड निघाले, शिवाय काही आयन वाहतुकीत खर्च होतात. म्हणून बेरीज घटली. शरीर दिवसभरात साधारण स्वतःच्या वजनाइतकं एटीपी घडवतं आणि मोडतं. साठा करून ठेवत नाही.

१४. तंतुकणिका पूर्वी जीवाणू होत्या हे खरं का? आणि त्या फक्त आईकडून येतात का?

पहिल्याचं उत्तर: पुरावा भक्कम आहे. तंतुकणिकेला दुहेरी पटल आहे, स्वतःचा गोलाकार डीएनए आहे, जीवाणूंच्या धाटणीचे रायबोझोम आहेत आणि ती स्वतः विभागून वाढते. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७मध्ये ही कल्पना नेटाने मांडली तेव्हा फारसं कुणी ऐकत नव्हतं. हरितलवकांचीही कथा तशीच, फक्त पूर्वज नीलहरित जीवाणू.

दुसऱ्याचं उत्तर: माणसात जवळपास नेहमी हो. शुक्रपेशीतल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. माणसाच्या तंतुकणिकेत फक्त ३७ जनुकं उरली आहेत. बाकीचं बहुतेक काम केंद्रकातल्या जनुकांवर चालतं, आणि ती आई-वडील दोघांची. त्यामुळे 'तंतुकणिकेचा आजार म्हणजे आईकडूनच आलेला' असं धरून घरात कुणाला बोल लावू नका.

१५. लयकारिकांना 'आत्मघाती पिशव्या' का म्हणतात?

फुटल्या तर आतली पचवणारी विकरं पेशीलाच पचवतील, या कल्पनेवरून. नाव नाट्यमय आहे, म्हणून टिकलं. क्रिस्टिअन द द्युव यांनी १९५५मध्ये त्या ओळखल्या. त्यांचं रोजचं काम झिजलेली अंगकं आणि आत आलेले जीवाणू पचवून त्यातला माल पुन्हा वापरात आणणं. पेशी ठरवून मरते तेव्हा ते काम मुख्यतः वेगळी विकरं करतात. गर्भात हाताच्या बोटांमधली त्वचा अशाच ठरवून आलेल्या मृत्यूने नाहीशी होते.

१६. दर सात वर्षांनी आपलं शरीर संपूर्ण नवं होतं म्हणतात. खरं का?

नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलतात, त्वचेचा वरचा थर महिन्याभरात, लाल रक्तपेशी १२० दिवसांत. पण मेंदूच्या बाह्यकातल्या चेतापेशी बहुतांश जन्मभर त्याच असतात, आणि हृदयाच्या स्नायूपेशींमध्ये वर्षाला जेमतेम एखादा टक्का बदल होतो. म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला स्नायू भरून निघत नाही आणि तिथे व्रण राहतो.

१७. कॅन्सरची पेशी वेगळी कशी ओळखायची? तो संसर्गाने होतो का? किमोथेरपीत केस का जातात?

कॅन्सरची पेशी बाहेरून आलेली नसते, ती रुग्णाची स्वतःचीच. विभाजन कधी करायचं आणि कधी थांबायचं हे सांगणाऱ्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचतात आणि ती थांबेनाशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा केंद्रक मोठं, वेडंवाकडं दिसतं. पण निदान तज्ज्ञानेच करायचं. रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने कॅन्सर होत नाही. काही विषाणू मात्र कॅन्सरचा धोका वाढवतात, जसं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही, आणि त्यावर लस आहे.

बरीचशी किमोथेरपी भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांची मुळं, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा या निरोगी पेशीही भराभर विभागतात, म्हणून केस जातात, उलट्या होतात, रक्तपेशी घटतात. केस बहुधा परत येतात.

खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन व उपचार संस्था आहे, त्यामुळे नवी मुंबईकर कार-टी पेशींबद्दल हमखास विचारतात. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांत एक नवं जनुक घालतात, त्या कॅन्सरपेशी ओळखू लागल्या की वाढवून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या कामातून आलेल्या पहिल्या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. तो ठरावीक रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, सगळ्या कॅन्सरसाठी नव्हे.

१८. अँटिबायोटिक जीवाणूंना मारतं, मग आपल्या पेशींना का नाही? आणि नायट्याला का चालत नाही?

पेनिसिलिन जीवाणूची भित्तिका बांधू देत नाही. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही. टेट्रासायक्लीनसारखी औषधं जीवाणूच्या रायबोझोमला अडकवतात, आणि आपले रायबोझोम वेगळ्या घडणीचे असतात. विषाणूला ना भित्तिका ना रायबोझोम. तो पेशीच नव्हे, आपल्या पेशीत शिरून आपलीच यंत्रणा वापरतो. म्हणून सर्दीला अँटिबायोटिक मागू नका.

नायटा कवकाचा. कवकपेशी आपल्यासारखीच दृश्यकेंद्रकी, म्हणजे पटलाने वेढलेलं केंद्रक असलेली, त्यामुळे फक्त तिला इजा करणारं औषध शोधणं अवघड. बरीचशी औषधं तिच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलवर नेम धरतात. आपल्या पटलात त्याजागी कोलेस्टेरॉल असतं. आपल्याकडच्या दमट हवेत नायटा चिवट होतो, आणि दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून चोळल्याने आणखी चिवट. डॉक्टरांना दाखवा.

१९. कोंबडीचं अंडं ही एकच पेशी असते का? मग जगातली सगळ्यात मोठी पेशी शहामृगाचं अंडं?

अख्खं अंडं नव्हे, त्यातला पिवळा बलक. पांढरा भाग, आतली पापुद्री आणि कवच हे कोंबडीच्या अंडनलिकेने वरून चढवलेले थर. दुकानातलं अंडं सहसा फलन न झालेलं असतं, त्यामुळे बलक ही एक पेशी म्हणता येते. बहुतेक जागा अन्नसाठ्याची, आणि वर दिसणाऱ्या फिकट ठिपक्यात खरं पेशीद्रव्य. फलन झालेलं असेल तर अंडं घालेपर्यंतच त्या ठिपक्यात हजारो पेशी झालेल्या असतात. शहामृगाचंही तेच: बलक म्हणा, अंडं नको.

२०. जीवाणू नेहमी सूक्ष्मच असतात ना?

बहुतेक असतात, सगळे नाहीत. २०२२मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांवरच्या खारफुटीत, बुडालेल्या पानांवर सापडलेल्या थायोमार्गारिटा मॅग्निफिका या जीवाणूचं वर्णन प्रसिद्ध झालं. सरासरी लांबी सुमारे एक सेंटीमीटर, काही त्याहून लांब; नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या धाग्यासारखा दिसतो. मधली बरीच जागा रिक्तिकेने व्यापलेली, जिवंत द्रव्य कडेच्या पातळ थरात, म्हणजे प्रश्न ३ मधल्या अडचणीवर त्याने काढलेला तोडगा. त्याचा डीएनए पटलाने वेढलेल्या छोट्या कप्प्यांत असतो, ही आदिकेंद्रकींत, म्हणजे केंद्रक नसलेल्या जीवांत नवलाची गोष्ट. आपल्या खाडीत असं काही आहे का, असं मुलं लगेच विचारतात. शोधायला कुणी हरकत घेतलेली नाही.

२१. लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग रक्तावरून डीएनए चाचणी कशी होते? आणि डेंग्यूत कमी होतात त्या प्लेटलेट पेशी आहेत का?

डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींमधून. लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रक बाहेर टाकते, तंतुकणिकाही उरत नाहीत. त्यामुळे ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः ऑक्सिजन वापरत नाही. ग्लुकोज अर्धवट फोडून भागवते. दुरुस्तीच्या सूचनाच नसल्याने तिचं आयुष्य मर्यादित (प्रश्न १६). हे सस्तन प्राण्यांपुरतं. पक्षी, मासे, बेडूक यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं. वनस्पतींच्या रसवाहिन्यांतल्या चाळणी-नलिकांतही केंद्रक नसतं, शेजारची सहपेशी त्यांना सांभाळते. उलट आपल्या हातापायांच्या स्नायूतंतूत अनेक केंद्रकं असतात.

प्लेटलेट पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे तुटलेले तुकडे. केंद्रक नाही, पण पटल आहे, तंतुकणिका आहेत, रक्त गोठवण्याचं सामान आहे. आठ-दहा दिवस टिकतात. रक्तपेढीत तर साधारण पाचच दिवस ठेवता येतात, म्हणून पावसाळ्यात ठाण्यात दात्यांसाठी मेसेज फिरू लागतात.

२२. बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवायचा आग्रह होतोय. ठेवावं का?

निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, माहितीपत्रकाशी नव्हे. नाळेतल्या रक्तात रक्त बनवणाऱ्या मूलपेशी असतात हे खरं, आणि रक्ताच्या व प्रतिकारशक्तीच्या काही आजारांत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण बाळाला थॅलॅसेमियासारखा जनुकीय आजार असेल तर त्याच्या स्वतःच्या मूलपेशींतही तोच बिघाड असतो. तिथे दुसऱ्या, जुळणाऱ्या दात्याच्या पेशी लागतात. मधुमेह, ऑटिझम, पाठीच्या कण्याची इजा ही नावं यादीत दिसली तर 'हा मान्यताप्राप्त उपचार आहे का?' असं लेखी विचारा. घरात आधीच एखाद्या भावंडाला रक्ताचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.

२३. तंतुकणिका नसलेली दृश्यकेंद्रकी पेशी असू शकते का? लाल रक्तपेशी सोडून सांगा.

हो. चिंचिला या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यात राहणाऱ्या मोनोसर्कोमोनॉइडिस या एकपेशीय जीवात तंतुकणिकेचा मागमूसही नाही, हे २०१६मध्ये दाखवलं गेलं. त्याच्या पूर्वजांत ती होती, पुढे ती गेली. आतड्यात ऑक्सिजन जवळपास नसतो, त्यामुळे ऊर्जेसाठी तिची गरज नव्हती. तंतुकणिकेचं दुसरं एक काम मात्र सोडता येत नव्हतं: लोह आणि गंधक यांचे छोटे पुंजके जुळवणं, जे अनेक प्रथिनांना लागतात. ते काम या जीवाने जीवाणूंकडून मिळवलेल्या जनुकांवर पेशीद्रव्यातच चालवलं. दहावीच्या उत्तरपत्रिकेत हे लिहू नका. तपासणाऱ्यांच्या नमुना उत्तरात ते नसतं. अकरावीत तोंडी परीक्षेला विचारलं तर जरूर सांगा.